केंब्रिजची गणितपरीक्षा आणि तिचे दस्तूर

गणितातील एखादा मोठा सिद्धांत प्रथम प्रकट होतो तो विद्वत्सभेच्या नियतकालिकातून किंवा त्याच्या कर्त्याने परिश्रमपूर्वक रचलेल्या ग्रंथातून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते आणि बहुधा ती खरीही असते. परंतु अनेक चलांच्या कलनाचा अभ्यासक्रम आज बहुतेक विद्यापीठांत ज्या सिद्धांतापाशी येऊन थांबतो, तो स्टोक्सचा सिद्धांत छापील स्वरूपात प्रथम दिसला तो एका प्रश्नपत्रिकेत. १८५४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात केंब्रिज विद्यापीठात स्मिथ पारितोषिकासाठी जी परीक्षा झाली, तिच्याकरिता प्राध्यापक जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी काढलेल्या पत्रिकेतील आठवा प्रश्न म्हणजेच हा सिद्धांत. तो उमेदवारांनी नेमून दिलेल्या मुदतीत, कोणताही ग्रंथ जवळ न बाळगता, सिद्ध करून दाखवावा अशी अपेक्षा होती. त्या उमेदवारांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा तेवीस वर्षांचा नसलेला तरुण होता. आणि पुढे १८७३ मध्ये विद्युत् व चुंबकत्व या विषयांवरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध करताना त्याने या सिद्धांताचा आधार म्हणून जो निर्देश केला तो कोणत्या पुस्तकाचा नव्हे, तर त्या परीक्षेचा, तिच्या सालाचा आणि प्रश्नाच्या क्रमांकाचा होता.

अनेक चलांच्या कलनाचा वर्ग सुरू झाला की सत्राच्या आरंभी विद्यार्थ्याच्या हाती नियमांचा एक तक्ता पडतो. हजेरी किती भरली पाहिजे, गृहपाठाची उदाहरणे कोणत्या वारी सादर करावयाची, सहाध्यायांशी विचारविनिमय करण्याची मुभा कोठपर्यंत, परीक्षेच्या खोलीत काय न्यावयाचे नाही, गुणांची वाटणी कशी होणार, हा सगळा तपशील त्यात कलमवार नमूद असतो, आणि विद्यार्थी तो एकदा वरवर पाहून वहीत खुपसून ठेवतो. ही कलमे कोणा कारकुनाने कालपरवा मसुदा करून दिली असावीत असे त्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. वस्तुतः त्यांपैकी पुष्कळ कलमांचे मूळ दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या केंब्रिजच्या दप्तरात सापडते; आणि ज्या परीक्षेसाठी ती घडली, त्या परीक्षेनेच हा विषय काय रूप घेईल हेही पुष्कळ अंशी ठरविले. माझ्या मते कलनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सिद्धांतांच्या इतिहासाइतकेच लक्ष या दस्तुरांच्या इतिहासाकडे द्यावयास हवे होते. ते फार थोड्यांनी दिले आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत केंब्रिजच्या पदवीची खरी कसोटी लागत असे ती लॅटिन भाषेतील वादात. एका उमेदवाराने काही प्रमेये मांडावयाची, इतरांनी प्रतिपक्षी होऊन त्यांवर आक्षेप घ्यावयाचे, आणि मॉडरेटर या पदनामाच्या अधिकाऱ्याने मध्यस्थ म्हणून बसून दोन्ही बाजूंचे तारतम्य ठरवावयाचे, असा तो शिरस्ता आपल्याकडील शास्त्रार्थाच्या सभेची आठवण करून देणारा होता. या वादांना जोडून सिनेट हाउस नावाच्या, १७३० मध्ये उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूत एक परीक्षा होऊ लागली. ती आधी तोंडी होती, मग प्रश्न वाचून दाखवावयाचे व उत्तरे लिहून घ्यावयाची असे झाले, आणि शेवटी छापील पत्रिका आल्या. लॅटिन वाद क्षीण होत होत १८४० च्या आगेमागे बंद पडले. उमेदवारांची वाढती संख्या आणि त्यांची परस्परांशी काटेकोर तुलना करण्याची गरज ही या परिवर्तनाची कारणे होतीच; परंतु त्याहून खोल कारण विषयाच्या स्वभावातच होते. युक्लिडाचे प्रमेय किंवा न्यूटनचा एखादा युक्तिवाद माणूस उभा राहून बोलू शकतो, पण ज्या गणितात एका राशीचे तीन चलांच्या संदर्भात क्रमाने अवकलन करावयाचे आणि मग त्या सर्वांची बेरीज एखाद्या वक्र पृष्ठभागावर घ्यावयाची, ते तोंडाने वदवून घेणे केवळ अशक्य आहे. कलन जसजसे केंब्रिजमध्ये प्रबळ झाले, तसतशी लेखणी आणि कागद यांची सत्ता अपरिहार्य झाली.

तेथे कलन प्रबळ झाले हेही सुखासुखी झाले नाही. न्यूटनच्या अभिमानापायी इंग्रज गणितज्ञ शंभर वर्षे त्याच्याच बिंदुचिन्हांना चिकटून राहिले होते, आणि तिकडे खंडावर ऑयलर, लाग्रांज व लाप्लास यांनी लाइब्निट्सच्या चिन्हपद्धतीतून अनेक चलांचे एक नवे राज्यच उभारले होते. १८१२ मध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आणि त्यांचे काही मित्र, जे सर्व त्या वेळी अद्याप विद्यार्थीच होते, त्यांनी ॲनॅलिटिकल सोसायटी नावाचे मंडळ स्थापून या जुनाट रिवाजाविरुद्ध मोहीम उघडली, आणि १८१६ मध्ये लाक्र्वा या फ्रेंच ग्रंथकाराचे कलनावरील पुस्तक इंग्रजीत आणले. परंतु पुस्तके भाषांतरित करून विद्यापीठे बदलत नाहीत. १८१७ मध्ये पीकॉकची मॉडरेटर म्हणून नेमणूक झाली आणि त्याने आपल्या प्रश्नांत नवी चिन्हे बेधडक वापरली, तेव्हा खरा बदल सुरू झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मॉडरेटरने मात्र आपले प्रश्न जुन्याच पद्धतीने काढले होते. पीकॉक पुढे १८१९ मध्ये व पुन्हा १८२१ मध्ये त्या पदावर आला, आणि तेवढ्या अवधीत बिंदुचिन्हांचा अंमल संपुष्टात आला. सभा, निबंध आणि चर्चा यांनी जे साधले नव्हते ते प्रश्नपत्रिका काढण्याच्या अधिकाराने साधले. परीक्षेत जे विचारले जाईल तेच शिकविले जाईल, हे त्या तरुणाने अचूक हेरले होते.

याच मंडळाचा एक सभासद सर एडवर्ड ब्रॉमहेड पुढे आपल्या लिंकनशरमधील जहागिरीवर राहू लागला, आणि त्याच्या हातून एक असे पुण्यकर्म घडले की ज्यामुळे त्याचे नाव गणिताच्या इतिहासातून कधीही पुसले जाऊ नये. नॉटिंगहॅमजवळ स्नेंटन येथे जॉर्ज ग्रीन नावाचा एक पवनचक्कीवाला राहत असे. त्याचे शाळेतील शिक्षण लहानपणी जेमतेम वर्षभर झालेले, पुढले सगळे आयुष्य पित्याच्या चक्कीत पीठ दळण्याच्या व्यवसायात गेलेले. आणि तरीही त्याने १८२८ मध्ये विद्युत् आणि चुंबकत्व यांच्या उपपत्तींना गणिती विश्लेषण लावणारा एक प्रबंध वर्गणीदारांच्या आश्रयावर छापला. वर्गणीदार होते पन्नासच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेकांना त्या पुस्तकातील एक पानही समजले नसेल. घनाकृतीच्या अंतर्भागावरील समाकल आणि तिच्या पृष्ठभागावरील समाकल यांचे जे नाते आज ग्रीनच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते त्या प्रबंधात आहे. (सपाट क्षेत्र आणि त्याची सीमारेषा यांविषयीचे जे सूत्र आज वर्गात त्याच्या नावाने शिकवितात, ते त्या रूपात पुढे १८४६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ कोशीने छापले, परंतु नाव योग्य माणसाचेच पडले आहे असे मला वाटते.) वर्गणीदारांपैकी ब्रॉमहेडने त्या पुस्तकाचे मोल ओळखले, ग्रंथकाराशी पत्रव्यवहार आरंभिला, आणि चक्कीवाल्याने केंब्रिजला जावे अशी तजवीज केली. १८३३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ग्रीन गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाला.

आता या ठिकाणी केंब्रिजच्या कायद्यांचा गुणही दिसतो आणि दोषही. ज्याने त्या विद्यापीठातील कोणाही परीक्षकाला शिकवावे, तो माणूस विशीतील पोरांबरोबर बसून त्यांच्याच पत्रिका सोडवू लागला, आणि जानेवारी १८३७ मध्ये गुणानुक्रमाची यादी लागली तेव्हा त्याचे नाव चौथे होते. यादीतील पहिल्या वर्गाच्या मानकऱ्यांना रँग्लर म्हणत, त्यांतील प्रथमास सीनियर रँग्लर. परीक्षेने ग्रीनला त्याच्या अंगच्या स्वतंत्र प्रतिभेबद्दल काहीच दिले नाही, कारण ती मोजण्याचे मापच तिच्यापाशी नव्हते. पण ज्याला ना कूळ ना वशिला अशा माणसासाठी तिने विद्यापीठाचे दार उघडे ठेवले हेही तितकेच खरे. त्याच यादीत दुसरा आलेला जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर ज्यू होता. पदवी हाती घेण्यापूर्वी इंग्लंडच्या धर्मपीठाच्या एकोणचाळीस कलमांना संमती देण्याचा करार तेथे सर्वांवर बंधनकारक असे. सिल्व्हेस्टरने ती सही केली नाही, आणि म्हणून पराकाष्ठेचे यश मिळवूनही त्याला पदवी मिळाली नाही. बी. ए. पदवीपुरती ही अट १८५६ च्या कायद्याने सुटली, उरलीसुरली १८७१ मध्ये. आणि सिल्व्हेस्टरला केंब्रिजची सनद मिळाली तेव्हा तो उतारवयाला लागला होता. गणिताच्या परीक्षेला बसणाऱ्याचे धर्मविषयक मत विचारणारा कायदा इतकी वर्षे कोणाला खटकला नाही, याचे मला आजही वैषम्य वाटते.

ग्रीन १८४१ मध्ये वारला, आणि त्याचा प्रबंध केंब्रिजच्याही विस्मरणात गेला. विल्यम टॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाला, त्याने एका निबंधात या पुस्तकाचा ओझरता उल्लेख वाचला होता आणि तो ते सर्वत्र शोधीत होता. शेवटी जानेवारी १८४५ मध्ये, आपली परीक्षा आटोपून पॅरिसला निघण्याच्या सुमारास, त्याला त्याच्या प्रती मिळाल्या त्या त्याचे शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्या खोलीत. शिष्याला तीन वर्षे परीक्षेसाठी तयार करणाऱ्या गुरूच्या कपाटात ते पुस्तक पडून होते, आणि परीक्षेसाठी त्याचा उपयोग नसल्यामुळे त्याची आठवण निघाली नव्हती! टॉमसनने त्या प्रती पॅरिसला नेल्या, तेथील गणितज्ञ लिऊव्हिल आणि स्टुर्म यांना दाखविल्या, आणि पुढे तो प्रबंध बर्लिनच्या क्रेलेच्या नियतकालिकात पुन्हा छापविला. पाचच वर्षांनी, जुलै १८५० मध्ये, याच टॉमसनने स्टोक्स यांना लिहिलेल्या एका पत्रात तो सिद्धांत कळविला, जो १८५४ मध्ये आठव्या प्रश्नाचे रूप घेऊन आला.

तो सिद्धांत काय सांगतो ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एखादे मोठे शिवार लहानलहान शेतांत विभागलेले आहे अशी कल्पना करा, आणि प्रत्येक शेताला त्याच्या बांधावरून एकाच दिशेने, समजा डावीकडून, फेरी घालावयाची आहे. दोन शेतांमधील सामाईक बांधावरून आपण दोनदा जाऊ, पण दोन्ही वेळा परस्परविरुद्ध दिशांनी; म्हणून चालण्याचा हिशेब मांडताना आतल्या बांधांवरच्या सगळ्या फेऱ्या एकमेकींना खोडून काढतील आणि शिल्लक राहील ती फक्त शिवाराच्या बाहेरील हद्दीवरची फेरी. प्रवाहाच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी असणाऱ्या भोवऱ्यांची बेरीज केली की ती त्या पृष्ठाच्या काठाने वाहणाऱ्या एकंदर अभिसरणाइतकीच भरते, हे स्टोक्सच्या सिद्धांताचे मर्म याच हिशेबाचे आहे. पृष्ठ सपाट असो, घुमटासारखे फुगलेले असो, त्याची हद्द तीच असेल तर उत्तर तेच. विजेचा प्रवाह आणि त्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र यांचे नाते मॅक्सवेलने पुढे याच साधनाने बांधले.

१८५४ ची ती पदवीपरीक्षा किती दांडगी होती हे आकड्यांवरून कळेल. आठ दिवसांत सोळा पत्रिका, एकूण साडेचव्वेचाळीस तास, आणि प्रश्न २११. पहिल्या तीन दिवसांत केवळ प्राथमिक विषय असत, आणि ते कलनाचा आश्रय न घेता सोडविले पाहिजेत असा १८४८ पासूनचा सक्त नियम होता. त्यातून जे तरतील त्यांनाच काही दिवसांच्या विश्रांतीनंतर पुढचे पाच दिवस बसता येई, आणि कलनाचा खरा कस लागे तो तेथे. ही सर्व परीक्षा ऐन जानेवारीत होत असे. मॅक्सवेलच्या वडिलांनी मुलाला पत्राने सूचना पाठविली होती की मनगटांना लोकरीची पट्टी बांध आणि पाय गुंडाळावयास घोंगडी घेऊन जा. आणि त्या प्रचंड दालनात पायांवर लोकरीचे पांघरूण घेऊन, हाडे गोठविणाऱ्या थंडीत लिहिणाऱ्या त्या तरुणाचे चित्र मनाशी उभे केले की परीक्षा हा शब्द किती शारीरिक कष्टांचा वाचक होता हे ध्यानात येते. परीक्षा जूनमध्ये नेण्याची सवलत १८८२ मध्ये मिळाली. १८५४ च्या यादीत मॅक्सवेल दुसरा आला. पहिला आला एडवर्ड राउथ. त्यानंतर लगेचच झालेल्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत, जिच्यात आठवा प्रश्न होता, दोघे समसमान ठरले.

पहिला नंबर राउथचा आणि कीर्ती मॅक्सवेलची, या विरोधावरून परीक्षेची हेटाळणी करण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे, पण ती मला अन्यायाची वाटते. राउथ हा अलौकिक शिक्षक होता. महाविद्यालयाच्या फेलोने अविवाहित राहिले पाहिजे असा जो जुना कायदा केंब्रिजमध्ये होता, त्याचा एक अकल्पित परिणाम असा झाला की उत्तमोत्तम गणितज्ञ लग्न करून फेलोपद सोडीत आणि उदरनिर्वाहासाठी खाजगी शिकवणी धरीत. हॉपकिन्स तर पदवीपूर्वीच विवाहित असल्यामुळे त्यांना फेलोपद मिळूच शकत नव्हते, म्हणून त्यांनीही शिकवणीच धरली. त्यांच्या हाताखालून सतरा सीनियर रँग्लर बाहेर पडले. राउथनेही १८६४ मध्ये विवाह केला आणि शिकवणी चालू ठेवली. तीस वर्षांहून अधिक काळात त्याच्यापाशी सहाशेच्या वर विद्यार्थी शिकले, आणि त्यांत पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. त्याचा शिरस्ता काटेकोर होता. एका वर्गात आठदहांहून अधिक मुले घ्यावयाची नाहीत, तास ठोक्याला सुरू करून ठोक्याला संपवावयाचा, त्याने स्वहस्ते लिहिलेली टिपणे शेजारच्या खोलीत ठेवलेली असत ती प्रत्येकाने बसून नकलून घ्यावयाची, आणि दर आठवड्याला सर्वांनी एकच उदाहरणपत्रिका सोडवून आणावयाची. त्या पत्रिकांचे गुण क्रमवार मांडून लावले जात, त्यामुळे प्रत्येकाला आपण कोठे आहोत हे दर आठवड्याला कळे. आजच्या कलनाच्या वर्गातील साप्ताहिक गृहपाठ, छापील टिपणे, शिक्षकाने तपासून परत दिलेली उदाहरणे, हे सगळे विद्यापीठाच्या अधिकृत व्याख्यानांतून आलेले नाही. ते या खाजगी शिकवणीच्या खोल्यांतून आले, आणि विद्यापीठाने ते पुढे निमूटपणे आपलेसे केले.

गुणांचा हिशेबही विलक्षण होता. १८६० नंतरच्या दशकातील एका परीक्षेचे आकडे फ्रान्सिस गाल्टन यांनी नमूद केले आहेत: एकूण गुण १७,०००, पहिल्याला मिळाले ७,६३४, दुसऱ्याला ४,१२३, आणि सन्मानाच्या यादीत शेवटच्या आलेल्याला २३७. पत्रिका पूर्ण सोडविता येऊच नये, इतके प्रश्न तीत असावेत, आणि कोण कोठवर पोहोचतो यावरून त्याची पायरी ठरावी, ही त्यामागील कल्पना. शेवटच्याला त्याचे सहाध्यायी सिनेट हाउसच्या सज्जातून लाकडाचा एक अवजड चमचा खाली सोडून बहाल करीत. बुद्धीची अशी एकाच दोरीवर मोजणी करण्याचा हव्यास मला मान्य होणारा नाही, आणि त्या चमच्याच्या प्रथेत मला क्रूरपणाच दिसतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर कायदा आणि न्याय यांची फारकत उघड्यावर आली. १८८० मध्ये गर्टन महाविद्यालयाच्या शार्लट अँगस स्कॉट यांचे काम आठव्या रँग्लरच्या तोडीचे ठरले, पण विद्यापीठाच्या यादीत त्यांना स्थान नव्हते. यादी वाचली जात असताना आठव्या नावापाशी विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाचा असा गजर केला की ते नाव सभागृहाला ऐकावेच लागले. दुसऱ्या वर्षी स्त्रियांना परीक्षेस बसण्याची रीतसर परवानगी मिळाली. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांना सीनियर रँग्लरहून अधिक गुण मिळाले आणि त्यांचा क्रम ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असा जाहीर झाला. पदवी मात्र नाही. केंब्रिजने स्त्रियांना पदवी दिली ती १९४८ मध्ये.

१८५४ हेच साल आपल्याकडेही महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या जुलैत सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला आणि त्यातून १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाची घटना लंडनच्या धर्तीची होती, म्हणजे शिकवावे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठाने. परंतु गणिताच्या पत्रिकांत काय असावे आणि गणित कोणत्या पुस्तकांवरून शिकवावे याचा आदर्श केंब्रिजचा राहिला. १८४८ चे सीनियर रँग्लर आणि हॉपकिन्सचेच शिष्य आयझॅक टॉडहंटर यांची बीजगणित, भूमिती आणि कलन या विषयांवरील पुस्तके आपल्याकडील दोनतीन पिढ्यांनी घोकली. त्यापूर्वीच बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धि’ या नावाने कलनावर मराठीत पुस्तक रचिले होते, पण विद्यापीठाची भाषा इंग्रजी ठरल्यावर तो प्रवाह आटला, ही आपल्या भाषेची मोठीच हानी झाली असे मी समजतो. विद्यार्थ्याने नेमकी हजेरी देऊन ‘टर्म भरली’ पाहिजे आणि ती मंजूर झाल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नाही, हा जो नियम आपल्या महाविद्यालयांत घराघरांतल्या चिंतेचा विषय झाला, तोही इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांच्या निवासनियमाचाच वंशज आहे.

पुण्यात या गणिती परंपरेला जी धार आली ती मात्र आपल्या माणसांची. डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे शिकवीत, त्यांच्यापाशी बाळ गंगाधर टिळक गणित शिकले. टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये निघालेले फर्ग्युसन कॉलेज येथे गणित शिकविले. १८९० मध्ये टिळक या दोन्ही संस्था चालविणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या आमंत्रणावरून धोंडो केशव कर्वे त्या जागी आले. याच कर्व्यांचे नातलग, दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसनमधून सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले, आणि १८९९ च्या यादीत जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनियर रँग्लर म्हणून त्यांचे नाव वाचले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. सिंधूपासून रामेश्वरपर्यंत त्या वार्तेने जी धन्यता पसरली, तिचे कारण ज्या कसोटीने राज्यकर्ते आपल्या श्रेष्ठत्वाचा दाखला देत, त्याच कसोटीवर कोकणातल्या एका खेडेगावचा मुलगा सर्वांच्या पुढे उभा राहिला, हे होते. परांजपे यांना बाहेर मोठ्या पगाराच्या जागा सहज मिळाल्या असत्या. परंतु विलायतेस जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला आजीव सेवेचे वचन दिले होते. ते त्यांनी पाळले, आणि १९०२ पासून सुमारे दोन दशके फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळून गणिताचे तास घेतले. आपल्याकडे ‘रँग्लर’ हे नावामागे लावावयाचे उपपद होऊन बसले ते त्यांच्यापासून.

परंतु परांजपे ज्या यादीत पहिले आले, त्या यादीचे दिवस तेव्हाच भरत आले होते. १८९८ चे चौथे रँग्लर जी. एच. हार्डी यांनी शिकवणीच्या चाकोरीत गुदमरून जॉर्दान या फ्रेंच गणितज्ञाच्या विश्लेषणग्रंथाचा आश्रय घेतला, आणि कलनाचा पाया म्हणजे काय हे आपल्याला तेथे प्रथम कळले असे ते पुढे सांगत. त्यांची तक्रार रास्त होती. दोन चलांच्या संदर्भात एखाद्या फलाचे अवकलन आधी कशाचे करावे आणि मग कशाचे, हा क्रम उलटला तरी उत्तर तेच येते असे ऑयलरपासून सर्व मानीत आले. परंतु काही फलांच्या बाबतीत ते तसे येत नाही हे श्वार्त्झ यांनी १८७३ मध्येच उदाहरणाने दाखवून दिले होते. केव्हा क्रम बदलता येतो आणि केव्हा येत नाही, हा प्रश्न तासाला अनेक उदाहरणे हातावेगळी करण्याची सवय झालेल्या मनाला पडत नाही. त्यासाठी थांबावे लागते, आणि थांबणाऱ्याला सिनेट हाउसमध्ये गुण नव्हते. आठव्या प्रश्नाच्या काळी परीक्षक स्वतः संशोधनाच्या आघाडीवर होता आणि नवे गणित पत्रिकेतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत होते. शतकाच्या अखेरीस पत्रिका स्वतःचीच नक्कल करू लागली होती. सदिशांची जी सुटसुटीत भाषा आज अनेक चलांच्या कलनाचा कणा आहे, तीही या परीक्षेतून आली नाही: तिचे एक टोक अमेरिकेतील येल येथे विलर्ड गिब्ज यांनी १८८१ ते १८८४ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसाठी खाजगी रीतीने छापलेल्या टिपणांत आहे, आणि दुसरे, विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेल्या ऑलिव्हर हेव्हिसाइड यांच्या लेखांत.

गुणानुक्रमाची यादी १९०९ मध्ये शेवटची वाचली गेली, आणि नंतर वर्ग तेवढे राहिले, क्रम गेले. हार्डी यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. १९२६ मध्येही त्यांनी ती परीक्षा समूळ काढून टाकावी असेच प्रतिपादन केले. स्मिथ पारितोषिकासाठीची परीक्षा तर त्याआधीच रद्द होऊन १८८५ पासून ते पारितोषिक स्वतंत्र निबंधावर देण्यात येऊ लागले होते, आणि माझ्या दृष्टीने केंब्रिजच्या सर्व नियमबदलांत हा सर्वांत शहाणपणाचा होता.

त्याच स्वरूपाचे, स्वतंत्र गणिती कार्यासाठी असलेले एक पारितोषिक रँग्लर परांजपे यांच्या नावाने पुण्यात सुरू झाले. १९२७ मध्ये ते फर्ग्युसनच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळाले. कापरेकरांनी पुढे कोणतीही पदव्युत्तर परीक्षा दिली नाही. देवळाली येथे शाळामास्तर म्हणून १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नोकरी केली, आणि त्याच काळात ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध आज जगभरच्या गणिताच्या वर्गांत त्यांच्या नावाने सांगितला जातो.